जोड पक्का हवा

सायकल पायांनी चालते हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आमच्या अप्पांची सायकल मात्र विजेवरही चालते. अप्पांचा गुडघा दुखतो आणि डेअरीच्या वाटेवर मोठा चढ आहे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दादाने जुन्याच सायकलीला मोटर बसवली. दादा तालुक्याला आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीचे काम शिकतो.

प्रथम या सायकलची रचना सांगतो. मागच्या चाकाच्या मधोमध मोटर असते. ती २५० वॅटची आहे. दांडीवर ३६ व्होल्टची बॅटरी असते. दोघांच्या मध्ये एक डबी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. बॅटरीकडून दोन तारा कंट्रोलरकडे जातात. लाल धन, काळी ऋण. ह्या उलट जोडल्या तर कंट्रोलर जळतो. कंट्रोलरपासून मोटरकडे तीन जाड तारा जातात, पिवळी, हिरवी आणि निळी. आपण वाफ्यांना पाळीपाळीने पाणी देतो ना, तशी कंट्रोलर या तारांना पाळीपाळीने वीज देतो. त्यामुळे चाक फिरते. चाक कुठवर फिरले याची खबर पाच बारीक तारा कंट्रोलरला देतात. म्हणून अशा मोटरला बॅटरी थेट जोडून चालत नाही.

आता माझी चूक सांगतो. एके दिवशी सायकल गोठ्याच्या कुडाला अडकली आणि बॅटरीची लाल तार तुटली. दादा वसतिगृहावर होता. सकाळी दूध तर जायला हवं. मी म्हटलं, त्यात काय अवघड! दोन्ही टोकं सोलली, एकमेकांना पीळ दिला आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. चाक गरगर फिरलं. अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी चढावर अर्ध्यात जळका वास आला. अप्पांनी पटकन चावी बंद करून उडी मारली. माझ्या जोडातून धूर निघत होता. सायकल आडवी झाली, किटली कलंडली आणि सगळं दूध रस्त्यावर सांडलं. अप्पांची बोटं भाजली. घरी आल्यावर ते मला काहीच बोलले नाहीत. त्याचंच मला जास्त रडू आलं.

शनिवारी दादा आला. त्याने जळका जोड उलगडून मला दाखवला. जाड तारेच्या आत केसासारख्या पुष्कळ बारीक तारा असतात. माझ्या सैल पिळात त्यांतल्या थोड्याच एकमेकींना नीट टेकल्या होत्या. जत्रेतली सगळी गर्दी एका बोळातून निघाली की रेटारेटी होते, तसं विजेचं झालं. या अडथळ्याला रोध म्हणतात. रोध असला की तिथे उष्णता होते.

मी विचारलं, "मग सपाट रस्त्यावर काही झालं नाही, चढावरच कसं जळलं?" दादा म्हणाला, "सपाटीला मोटर ५ अँपिअर वीज ओढते असं धर. चढाला ती १५ ओढते. आणि जोडाचा रोध ओहमचा दहावा भाग धर." उष्णतेचा हिशोब असा आहे. प्रवाहाला प्रवाहाने गुणायचे आणि मग रोधाने गुणायचे. पाच पाचे पंचवीस, त्याचा दहावा भाग अडीच वॅट. पंधरा पंधरा सव्वादोनशे, त्याचा दहावा भाग साडेबावीस वॅट. म्हणजे प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख द्यायची सळई साधारण २५ वॅटची असते. तेवढी उष्णता मी चिकटपट्टीत गुंडाळून ठेवली होती. हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला, असे गुरुजींनी सांगितले.

शेजारच्या काळ्या तारेचं आवरणही भाजलं होतं. लाल-काळी उघड्याने टेकल्या असत्या तर मोठी ठिणगी पडून आग लागली असती.

मग दादाने असा जोड दिला. आधी बॅटरी काढून लांब ठेवली. दोन्ही तारांचा जळका भाग कापला. पण एक तार वर आणि एक खाली कापली, म्हणजे दोन जोड समोरासमोर येत नाहीत. आकसणारी नळी तारेत ओवली. ही आधीच ओवावी लागते, नाही तर जोड पुन्हा तोडावा लागतो. एकही बारीक तार न तुटू देता टोके सोलली. ती तांब्याच्या छोट्या नळीत दोन्हीकडून घालून खास पक्कडीने दाबली. नंतर जोर लावून ओढून पाहिले. हलला नाही तरच जोड पक्का. आकसणारी नळी त्यावर सरकवून गरम करताच ती घट्ट बसली. तार थोडी ढिली ठेवून दांडीला बांधली, म्हणजे ओढ बसत नाही. बॅटरीजवळ फ्यूजही घातला. प्रवाह फार वाढला तर आधी फ्यूज वितळतो आणि वीज बंद होते.

रविवारी अप्पा चढ चढून आले, थांबले आणि जोडावरच्या नळीला हात लावला. म्हणाले, "गारच हाय की रं!" मला केवढं हायसं वाटलं.

म्हणून मित्रांनो, चाक फिरलं म्हणजे जोड बरोबर झाला, असं समजू नका. आणि जाणतं माणूस जवळ नसताना बॅटरीच्या तारांना हात लावू नका. मी लावला होता.

– इयत्ता ४ थी