म्हातारा लॅब्राडोर, घराचं काम आणि येणारं बाळ

दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे पाळणा हलणार! त्याआधी घराचं काम उरकायचंय. या धांदलीत सगळ्यात गोंधळलाय तो आमचा तेरा वर्षांचा लॅब्राडोर. तुमच्याही घरी म्हातारं कुत्रं असेल तर वाचा.

आधी फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स दिसायला झकास, पण सांधे धरलेल्या कुत्र्याचे मागचे पाय त्यावर फाकतात, उठताना नखं नुसती खरवडत राहतात. कॉन्ट्रॅक्टरचा आग्रह चकचकीतचा होता, आम्ही मॅट घेतल्या. फरशी बदलायची नसेल तर अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट टाका, नखं कापा आणि पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस छाटा.

नजर अधू झाली की कुत्रा वासावर आणि सवयीवर वावरतो, म्हणून बाकी सामान हललं तरी त्याची जागा हलवू नका. रात्री भिंतीकडे बघत उभा राहत असेल तर तो हट्ट नव्हे. मेंदू थकल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. आणि लंगडतोय म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची गोळी अजिबात देऊ नका, ती कुत्र्यांना विषारी ठरते.

'बाळ येतंय, आता याला कुठेतरी देऊन टाका' हा सल्ला आम्हाला रोज मिळतो. नाही देणार! दुखऱ्या अंगाला अचानक हात लागला तर गरीब कुत्राही चावू शकतो, हे खरं. त्यासाठी बाळाच्या खोलीला जाळीचं दार बसवतोय, आणि दोघांना एकटं सोडायचं नाही हे ठरलंय. पायऱ्यांवर लाकडी उतार करून देणारा पुण्यातला सुतार कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.