वाऱ्याचे विद्यार्थी

उत्तर युरोपात डेन्मार्क नावाचा एक लहानसा देश आहे. देश सपाट आहे. तेथील सर्वांत उंच टेकडीही समुद्रसपाटीपासून जेमतेम १७० मीटर भरेल. जवळजवळ चोहीकडे समुद्र आणि वाटेत अडविणारा डोंगर नाही, त्यामुळे वारा त्या भूमीवर मनसोक्त हिंडत असतो. पूर्वी या वाऱ्याच्या बळावर तेथील शेतकरी पवनचक्कीत धान्य दळीत. आज त्याच वाऱ्यापासून त्या देशाला लागणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज मिळते. ही किमया एखाद्या महान शास्त्रज्ञाने एका दिवसात केलेली नाही. ती शिक्षक, सुतार, लोहार आणि शेतकरी यांनी एकमेकांपासून शिकत शिकत साधली आहे.

या कथेचा आरंभ आस्कोव या खेड्यातील एका लोकविद्यालयात होतो. तेथे शेतकऱ्यांची तरुण मुलेमुली शिकण्यासाठी येत. परीक्षा आणि पदव्या यांचे तेथे स्तोम नव्हते. पोल ला कूर हे तेथील एक शिक्षक. शहरांत विजेचे दिवे लखलखू लागले होते आणि खेडी मात्र अंधारात होती, याची त्यांना खंत वाटे. १८९१ साली त्यांनी विद्यालयाजवळ एक पवनचक्की उभारली आणि तिच्याकडून धान्य न दळविता वीज निर्माण करून घेतली.

पण वारा पडला म्हणजे काय करायचे? ला कूर यांनी विजेच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण केले, त्यातून निघणारा हायड्रोजन वायू टाकीत साठविला आणि त्यावर विद्यालयातील दिवे पेटविले. या वायूत ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई आणि खिडक्यांची तावदाने फुटत. ती पुन्हा बसवावी लागत. परंतु प्रयोग थांबले नाहीत. पुष्कळ आणि मंद फिरणाऱ्या पात्यांपेक्षा थोडी व वेगाने फिरणारी पाती वीजनिर्मितीला अधिक सोयीची, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

हे ज्ञान त्यांनी आपल्यापुरते ठेवले नाही. १९०४ पासून ते खेड्यांतील तरुणांना विजेची कामे शिकवू लागले. त्या पहिल्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. गुरूने दिलेला धडा तो जन्मभर विसरला नाही. उतारवयात, १९५७ साली, त्याने गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॅट शक्तीची पवनचक्की उभारली. वादळात चक्र अनावर होऊ लागले तर पात्यांची टोके आपोआप वळून त्याला आवर घालीत. पुढे तेल स्वस्त झाले, वाऱ्याची गरज कोणाला वाटेना, आणि १९६७ मध्ये ती पवनचक्की बंद करण्यात आली.

१९७३ साली पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि तेलाचे भाव कडाडले. त्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा परदेशी तेलातून येत होती. तेल वाचविण्यासाठी रविवारी मोटारी चालविण्यास बंदी घालावी लागली. रस्ते ओस पडले आणि लोक विचार करू लागले. आता लोकांना वाऱ्याची आठवण झाली. क्रिस्तियान रिसागर नावाच्या एका सुताराने यूलच्या पवनचक्कीचा नमुना पुढे ठेवून लाकडी पात्यांची पवनचक्की तयार केली. त्याचे पाहून इतर कारागीरही पुढे सरसावले.

हे काम सोपे नव्हते. वादळात पाती मोडून पडत, यंत्रे निकामी होत आणि घरचा पैसा वाया जाई. अशा वेळी माणसाला आपली फजिती लपवावीशी वाटते. डेन्मार्कच्या या पवनचक्कीवाल्यांनी मात्र उलट मार्ग धरला. १९७६ पासून ते ठरावीक काळाने एकत्र जमू लागले. कारागीर, शेतकरी, शिक्षक आणि अभियंते एकाच ठिकाणी बसत आणि कोणाचे काय बिघडले, का बिघडले, दुरुस्ती कशी केली, हे मोकळेपणाने सांगत. १९७८ मध्ये पवनचक्कीच्या मालकांनी आपली संघटना स्थापन केली. कोणत्या यंत्राने किती वीज दिली आणि कोणते यंत्र कशामुळे बंद पडले, याची माहिती त्यांच्या मासिकातून प्रसिद्ध होऊ लागली. त्यामुळे एकाला लागलेली ठेच शंभरांना शहाणे करू लागली. सदोष यंत्र विकणाऱ्यालाही ते सुधारावे लागे.

याच सुमारास शेजारच्या जर्मनीत निष्णात अभियंत्यांनी ३,००० किलोवॅट शक्तीची एक अजस्र पवनचक्की बांधली. १९८३ साली ती सुरू झाली. परंतु तिच्यात वारंवार बिघाड झाले. सारे मिळून ती पाचशे तासही फिरली नाही आणि १९८८ मध्ये ती पाडण्यात आली. अभियंते विद्वान होते, पण त्यांनी एकदम फार मोठी झेप घेतली होती. डेन्मार्कमधील कारागिरांनी लहान यंत्रापासून आरंभ केला आणि प्रत्येक चुकीपासून धडा घेत ते पायरी पायरीने वर चढले.

डेन्मार्कमध्ये साम्सो नावाचे एक बेट आहे. तेथे सुमारे चार हजार लोक राहतात. स्थानिक साधनांतून सर्व ऊर्जा कशी मिळविता येईल, याची योजना मांडण्याच्या स्पर्धेत १९९७ साली या बेटाची निवड झाली. प्रथम लोकांना ते अशक्य वाटले. सोरेन हर्मनसन या तेथीलच शिक्षकाने सभांतून लोकांच्या शंका ऐकून घेतल्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याला समजावले. २००० साली बेटावर ११ पवनचक्क्या फिरू लागल्या आणि पुढे समुद्रात आणखी १० उभ्या राहिल्या. काहींचे मालक शेतकरी आहेत, काही गावकऱ्यांनी भागीदारीत घेतल्या, तर समुद्रातील पाच स्थानिक पालिकेने. शेतात उरलेला पेंढा जाळून तापविलेले पाणी नळांनी घरोघर जाते आणि कडक थंडीत ऊब देते. वर्षभरात बेटाला लागणाऱ्या विजेपेक्षा अधिक वीज तेथे तयार होते.

२००७ साली साम्सोच्या लोकांनी एक ऊर्जा विद्यालय सुरू केले. अन्य बेटांवरील आणि देशोदेशींचे लोक तेथे येतात. काय साधले ते पाहतात आणि कोठे अडखळलो तेही ऐकतात.

वारा कोणाच्या मालकीचा नसतो. तो सर्वांच्या शेतावरून सारखाच वाहतो. ज्ञानही असेच वाहते राहिले, तर एका खेड्यात पेटलेला दिवा दूरच्या खेड्यातही उजेड पाडतो. ते वाहते ठेवण्यासाठी माणसाने एवढेच करावयाचे असते, की आपणांस जे आले ते दुसऱ्यास सांगावे आणि जे चुकले तेही सांगण्यास लाजू नये.