चुनी, पाघळलेला गूळ आणि बॅसिलस

पहाटे ५.३० : रात्री भिजवलेली हरभऱ्याची चुनी उकळून फडक्यातून गाळते. डाळमिलची ही चुनी एरवी जनावरांच्या आंबोणात जाते. तिच्यातलं नत्र बॅसिलस जिवाणूला पुरतं. साखरेसाठी पावसाळ्यात पाघळलेला, बाजारात कुणी न घेणारा गूळ. आमचं तेलगाव साखर कारखान्याचं गाव, पण मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण. मला गूळच सोपा. पाणी आंबट झालं की चुन्याची निवळी घालून सामू ७ वर आणायचा.

७.०० : लाईट आहे तोवर ऑटोक्लेव्ह. १२१ अंश, २० मिनिटं. इथे काटकसर करायची नाही. शेण, गूळ, बेसन पिंपात आंबवून ‘जिवाणू वाढवले’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पिंपात काहीतरी वाढतं, पण नेमकं काय, ते सांगता येत नाही. हरभऱ्यातला मर रोग रोखायचा तर जिवाणू ओळखीचा हवा. खाद्य टाकाऊ चालेल, भांडं स्वच्छच हवं.

९.३० : तयार होत आलेल्या पिंपातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. बारीक काड्या, त्यांच्या पोटात चकाकते ठिपके. हे बीजाणू. खाद्य संपलं की बॅसिलस ही कणखर अवस्था धरतो, म्हणूनच बाटलीत महिनोन्महिने टिकतो. खात्रीसाठी नमुना ८० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवून प्लेटवर पसरते. एवढ्या उष्णतेत साधे जिवाणू मरतात. उगवतात ते बीजाणू.

११.०० : दुसऱ्या प्लेटवर एका कडेला मर रोगाची फ्युजॅरियम बुरशी, समोर आपला बॅसिलस. मधे स्वच्छ पट्टी. बॅसिलसने सोडलेली इट्युरिनसारखी द्रव्यं बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. प्लेटवर जमलं ते रानात जमेलच असं नाही, म्हणून हरभऱ्यात दोन तासं बीजप्रक्रियेविना ठेवलीत.

दुपार बाटल्या धुण्यात आणि लेबलं लावण्यात जाते.

४.०० : लवकर पेरलेल्या हरभऱ्याचं सुकलेलं रोप घेऊन एक आबा येतात. मूळ उभं चिरून दाखवते.

“आबा, आत हा काळपट दोरा दिसतोय ना? ही बुरशी पीक नसलं तरी पाच-सहा वर्षं मातीत राहते.”

“मंग ताई, ह्या बाटलीनं भागंल का?”

“लागलेल्या रोपाला नाही. राहिलेल्या रानात पेरायचंय ना, त्या बियाण्याला लावा. किलोला १० मिली, हलक्या हातानं चोळा, सावलीत वाळवा आणि लगेच पेरा. रासायनिक औषध लावणार असाल तर ते आधी लावा, हे शेवटी.”

“दोन बाटल्या द्या.”

एकराचं ३० किलो बियाणं, म्हणजे ३०० मिली. अर्ध्या लिटरची एकच पुरते. तेवढीच देते, आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका म्हणून बजावते.

६.३० : सकाळचं पाणी निवलंय. बर्नरच्या ज्योतीजवळ मूळ कल्चर पिंपात सोडते आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर टाकते. रात्री लाईट गेली तरी तो बंद पडता कामा नये. हवेविना बॅसिलसची वाढ खुंटते.