इंजिन स्टँडवर चढवताना: बोटे आणि कंबर वाचवणारे बदल

आरोग्याच्या पानावर गॅरेजमधल्या लोखंडी स्टँडचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आपल्या बस्तीतली किती घरे गॅरेजवर चालतात ते एकदा मोजून पाहा. कुणाचा मुलगा हेल्पर आहे, कुणाचा नवरा मिस्त्री, कुणाचा भाऊ भंगारातली इंजिने खोलतो. आम्ही आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासायला बसतो आणि समोर येतो तो चेपलेल्या नखाचा, वाकड्या जुळलेल्या बोटाचा, नाहीतर तिशीतच कमरेवर हात ठेवून उठणारा माणूस. कसे झाले विचारले, की अनेकदा एकच उत्तर मिळते, "इंजिन चढवताना."

दवाखान्यात बोटाला टाके पडतात, कमरेला गोळी मिळते. आठ दिवसांनी तोच माणूस त्याच स्टँडपुढे उभा असतो. म्हणून या वेळी आम्ही औषधाबद्दल कमी आणि स्टँडबद्दल जास्त लिहीत आहोत. गॅरेजात काम करणाऱ्यांनी आमच्याशी बोलताना जे दाखवले, त्याला आमच्या नर्सिंगच्या माहितीची जोड दिली आहे.

ज्या भगिनींनी हा स्टँड पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी त्याची ओळख. खाली चाकांवर लोखंडी पाय, मागच्या बाजूला एक उभा खांब, खांबाच्या वरच्या टोकाला आडवा जाड पाइप. या पाइपात दुसरा पाइप फिरतो आणि त्याच्या तोंडावर चार हातांची एक प्लेट असते, तिला 'हेड' म्हणतात. गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील काढल्यावर इंजिनाच्या मागच्या तोंडाला जी बोल्टची भोके दिसतात, तिथे हे चार हात बोल्टने आवळायचे. मग इंजिन खांबापुढे अधांतरी लटकते आणि हवे तसे फिरवून दुरुस्त करता येते. स्टँड ही चांगलीच सोय आहे. तो नसेल तर माणूस दिवसभर जमिनीवर उकिडवा बसून काम करतो. घात होतो तो फक्त चढवण्याच्या आणि उतरवण्याच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत.

छोट्या चारचाकीचे इंजिनही साधारण 80 ते 120 किलो भरते. मोठ्या डिझेल गाडीचे 200 किलोच्या पुढे जाते. "चौघांनी उचललं तर माणशी पंचवीस-तीस किलो," हा हिशोब कागदावरचा आहे. इंजिनाचा भार सगळीकडे सारखा नसतो, चौघांची उंची सारखी नसते, आणि एकाचा पाय तेलावर घसरला की त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर येतो. शिवाय वजन अंगापासून हातभर लांब धरून, पुढे वाकून, त्यातच कंबर पिळली की मणक्यातल्या गादीवर उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. गादी सरकते ती बहुधा अशाच झटक्यात.

ज्या गॅरेजात चेनकप्पी आहे तिथे कंबर वाचते, पण बोटे वाचतीलच असे नाही. इंजिन साखळीला लटकलेले, स्टँड चाकांवर. दोन्ही हलणाऱ्या वस्तू. एकजण इंजिन मिठीत धरतो, दुसरा स्टँड रेटतो, तिसरा हेडचे हात भोकांसमोर आणायला पाहतो. भोक समोर आले की नाही हे दिसत नाही, म्हणून तो बोट घालून चाचपतो. नेमका तेव्हाच इंजिनाला हेलकावा बसतो. बोट बोल्टच्या भोकात आणि वर शंभर किलो. आमच्या ओळखीतल्या एकोणीस वर्षांच्या एका हेल्परच्या तर्जनीचे टोक असेच गेले. आता त्याला बारीक नट धरता येत नाही, म्हणून मिस्त्री होण्याऐवजी तो गाड्या धुतो. महिन्याच्या पगारात पडलेला हा फरक त्याच्या आईला कायमचा सोसावा लागतो आहे.

यावरचा उपाय जुनाच आहे, चांगल्या वर्कशॉपमध्ये तो वापरतातही. स्टँड इंजिनाकडे नेण्याऐवजी आधी फक्त हेड इंजिनाकडे न्यायचे. हेड स्टँडमधून ओढून बाहेर काढा. एकट्याने उचलता येईल एवढेच त्याचे वजन असते. इंजिन जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर किंवा जुन्या टायरवर पक्के बसवा, चेनकप्पीची साखळी किंचित ताणून ठेवा म्हणजे ते कलंडणार नाही. मग निवांत बसून हेड इंजिनाला आवळा. काही लटकत नाही, काही हलत नाही, भोके डोळ्यांना दिसतात. चारही बोल्ट नीट बसल्यावरच इंजिन हेडसकट वर उचला. आता चार भोके जुळवायची नसून एकच पाइप दुसऱ्या पाइपात सरकवायचा असतो.

यासाठी स्टँडमध्ये थोडे बदल लागतात. काही स्टँडचे हेड मागच्या बाजूने वेल्डिंग करून कायमचे अडकवलेले असते. ते वेल्डिंग ग्राइंडरने काढून तिथे निघणारी खीळ करावी. आतला पाइप खांबाच्या मागे थोडा बाहेर येतो, त्यात आरपार भोक पाडून जाड पिन किंवा बोल्ट घालायचा. इंजिन आत सरकले की आधी ही मागची पिन घाला, मग बाकी सगळे. ही पिन विसरली तर इंजिन हेडसकट पुढे निसटू शकते, म्हणून ती छोट्या साखळीने खांबालाच बांधून ठेवावी. दुसरे, पाइपाचे तोंड. आतल्या पाइपाची कड ग्राइंडरने उतरती करा, बाहेरच्या पाइपाची आतली कड घासून घ्या आणि ग्रीस लावा. मग पाइप अडत नाही, हातोडी मारावी लागत नाही. तिसरे, उभ्या खांबाला दोन्ही बाजूंना मुठी जोडा. स्टँड रेटणाऱ्याचे हात मुठीवर असले म्हणजे पाइपाच्या तोंडाजवळ जात नाहीत. पाइपाच्या तोंडात बोट घालून पाहण्याची सवय मोडायची असेल तर त्या जागेभोवती लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा, नव्या मुलांना सांगायला सोपे जाते.

बऱ्याच स्टँडच्या वरच्या पाइपाला समोरून किंचित वर कल दिलेला असतो, भाराने तो खाली झुकतो म्हणून. त्यामुळे इंजिन अगदी सपाट लटकले तर पाइप आत जाताना अडकतो. साखळी इंजिनाला दोन ठिकाणी बांधून एका बाजूची लांबी कमी-जास्त करता आली पाहिजे. हेलकावा थांबवायला इंजिन मिठीत धरू नका. त्याला एक दोरी बांधा आणि लांबून धरा. लटकत्या इंजिनाखाली हात नाही, पाय नाही.

आता पायांकडे. बाजारातले स्वस्त स्टँड तीन चाकांचे असतात, मागे दोन आणि पुढे एक. इंजिन फिरवताना त्याची जड बाजू एकीकडे गेली की असा स्टँड आडवा होतो. पुढे आडवा चॅनेल वेल्ड करून दोन टोकांना दोन चाके लावली की स्टँड चार पायांवर उभा राहतो. पुढचे पाय इंजिनाच्या मध्याच्याही पलीकडे गेले पाहिजेत, नाहीतर तो तोंडावर पडेल. पण रुंदी ठरवण्याआधी टेप लावा. छताला गर्डर नसेल आणि चाकांची क्रेन वापरत असाल तर क्रेनचे दोन पाय आणि स्टँडचे पाय एकमेकांत अडकतात. मग शेवटची सहा इंच चौघे मिळून हाताने ढकलतात, म्हणजे पुन्हा पहिला पाढा. क्रेन इंजिनाच्या पुढून आणि स्टँड मागून आणायचा, आणि स्टँडचा पुढचा भाग चाकांसकट क्रेनच्या दोन पायांमध्ये मोकळा शिरेल एवढाच रुंद ठेवायचा.

चाके मोठी घ्या. बारीक चाक फरशीच्या भेगेत अडकते आणि चालता स्टँड पुढे कोसळतो. निदान दोन चाकांना ब्रेक हवा.

बोल्टवर पैसे वाचवू नका. डोक्यावर 8.8 कोरलेले बोल्ट मागा. भंगाराच्या डब्यातला साधा बोल्ट भाराने वाकतो. बोल्ट इंजिनाच्या आत निदान त्याच्या जाडीच्या दीडपट शिरला पाहिजे, ॲल्युमिनियमचे इंजिन असेल तर त्याहून थोडा जास्त. लांब बोल्ट पुरा करायला पाच-सहा वायसर एकावर एक चढवलेले आम्ही पाहिले आहेत. त्याऐवजी जाड पाइपाचा मापाचा तुकडा कापून घाला. हेडचे हातही असे लावा की फिरण्याचा मध्य इंजिनाच्या वजनाच्या मध्याजवळ येईल. तसे नसेल तर फिरवण्याची पिन काढताक्षणी जड बाजू खाली येते आणि दांडा मनगटावर किंवा जबड्यावर बसतो. पिन काढायच्या आधी दांडा हातात घट्ट हवा आणि तोंड त्याच्या वाटेत नको.

वेल्डिंग हात बसलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या. खांब खाली जिथे जोडला आहे तिथे तिकोनी पट्ट्या घाला, बाक येतो तो तिथेच. नळाचा जस्ताचा पाइप वापरू नका. तो वेल्ड करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आणि लोक त्याला मलेरिया समजतात. एक गोष्ट मालकालाही सांगा: चाके वाढवली म्हणजे स्टँडची ताकद वाढत नाही. ज्यावर 300 किलो लिहिले आहे त्यावर ट्रकचे इंजिन चढवायचे नाही. बदल केल्यावर पहिल्यांदा इंजिन चढवाल तेव्हा साखळी ढिली करा पण सोडू नका. पंधरा मिनिटे थांबा, खांब झुकतो का, वेल्डिंगला चीर पडते का, पाहा. मगच साखळी काढा.

"मालक ऐकणार नाही" असे मुले म्हणतात. काही मालक आपल्याच बस्तीतले आहेत, त्यांच्याशी बोलणे इतके अवघड नाही. हे फार तर एक-दोन दिवसांचे वेल्डिंगचे काम आहे. चौघांऐवजी दोघांत इंजिन चढते, हे गणित मालकाला लवकर पटते. खर्च मात्र मालकाचा, तो हेल्परच्या पगारातून कापू देऊ नका. आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात ठेवणे 2016 च्या दुरुस्तीनंतर सरसकट गुन्हा आहे. "शिकायला ठेवलाय" म्हटल्याने तो टळत नाही.

आता शरीराच्या खुणा. वजन उचलल्यावर कमरेची कळ पायात उतरत असेल तर मालिश करणाऱ्याकडे जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पाय लुळा पडत असेल, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला असेल, लघवी अडली असेल किंवा नकळत होत असेल, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा, रात्र काढू नका. जांघेत खोकताना फुगा दिसत असेल तर तो हर्निया असू शकतो. लाजून लपवू नका. तो दुखू लागला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या तर तीही तातडीची वेळ आहे.

बोट चेपले तर आधी अंगठी काढा, सूज आली की ती निघत नाही. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, स्वच्छ कापडाने दाबा, हात वर धरा. हळद, चहापत्ती, ग्रीस, डिझेल यांपैकी काहीही जखमेत भरू नका, बोट दोरीने आवळू नका. तुकडा तुटला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका. पिशवी जखमी माणसासोबतच न्या, घरी विसरते. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते डॉक्टर विचारतील. आठवत नसेल तर तसेच सांगा.