हंताविषाणू : पर्यटकांनो, बंद खोली झाडू नका!

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात २०१२ च्या उन्हाळ्यात मुक्काम केलेल्या १० पर्यटकांना हंताविषाणूची बाधा झाली व त्यांपैकी तिघांचा मृत्यू ओढवला. बहुतेक जण करी व्हिलेज येथील दुहेरी भिंतींच्या तंबूंमध्ये उतरले होते. या भिंतींमधील पोकळीत उंदरांनी घरटी केल्याचे नंतर आढळले.

उत्तर अमेरिकेत 'डिअर माउस' हा उंदीर या विषाणूचा प्रमुख वाहक आहे. त्याचे मूत्र, लेंड्या व लाळ यांतून विषाणू बाहेर पडतो. ही घाण वाळून धुळीत मिसळते आणि झाडताना उडालेल्या धुळीबरोबर श्वासावाटे शरीरात जाते. उंदराच्या चाव्यातून होणारी लागण विरळ असते. अर्जेंटिना व चिलीतील अँडिज विषाणूचा अपवाद वगळता हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.

लक्षणे संसर्गानंतर एक ते आठ आठवड्यांनी, म्हणजे पर्यटक घरी परतल्यावरही दिसू शकतात. प्रारंभी ताप, थकवा आणि मांड्या, कंबर व पाठीचे स्नायू दुखणे असा त्रास होतो. चार ते दहा दिवसांनी खोकला व धाप सुरू होते आणि फुप्फुसांत द्रव साचतो. श्वसनाची लक्षणे दिसलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३८ टक्के दगावतात. या प्रकारावर लस नाही आणि खात्रीचे औषधही नाही. मात्र अतिदक्षता विभागात वेळेवर उपचार मिळाल्यास वाचण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्रात पावसाळ्यात आढळणारा लेप्टोस्पायरोसिसही उंदरांमुळेच पसरतो. पण तो जिवाणूजन्य असल्याने त्यावर प्रतिजैविके लागू पडतात. हंताविषाणूवर ती निरुपयोगी ठरतात.

प्रवासात पुढील दक्षता घ्यावी :

* बराच काळ बंद असलेली खोली वापरण्यापूर्वी दारे-खिडक्या किमान अर्धा तास उघड्या ठेवाव्यात.
* उंदराच्या लेंड्या दिसल्यास झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. रबरी हातमोजे घालून एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांचे मिश्रण त्यावर शिंपडावे आणि पाच मिनिटांनी कागदाने पुसून घ्यावे.
* खाद्यपदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.
* उंदरांचा वावर असलेल्या जागी जमिनीवर झोपू नये.

सुरुवातीची लक्षणे साध्या फ्लूसारखीच असल्याने निदान हुकण्याचा धोका असतो. त्यामुळे परतल्यानंतर दोन महिन्यांत ताप आल्यास कोठे मुक्काम केला होता व तेथे उंदीर दिसले होते का, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे.