मातीतलं औषध आणि बुरशी: काही गैरसमज

२०२१च्या उन्हाळ्यात अँफोटेरिसिन हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. करोनातून उठलेल्या रुग्णांना, त्यातही मधुमेह असलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना, म्युकरमायकोसिस होऊ लागला. इंजेक्शनचा तुटवडा पडला आणि नातेवाईक कुप्यांसाठी या शहरातून त्या शहरात फोन फिरवू लागले. ‘काळी बुरशी’ हे नाव तेव्हा रुजलं ते रुजलंच. खरं तर ती बुरशी काळी नसते. तिने रक्तपुरवठा तोडल्यामुळे मेलेला शरीराचा भाग काळा पडतो. तिच्यावरचं ते औषध मूळचं एका जिवाणूचं. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीत तो १९५०च्या दशकात सापडला. मातीतून औषध मिळतं हे कळलं की माणूस सहज पुढचं पाऊल टाकतो: माती औषधांनी भरलेली आहे, शोधणारेच कमी पडतात. इथेच चूक होते. बुरशी मारणारे पदार्थ मातीत मुबलक आहेत. दुर्मीळ आहे तो बुरशीला मारून माणसाला सोडून देणारा पदार्थ.

हा फरक लक्षात न येण्याचं कारण दुसऱ्या एका, त्याहून जुन्या गैरसमजात आहे. अँटिबायोटिक म्हणजे ‘जंतूंवरचं औषध’, आणि बुरशी हाही एक जंतूच, असं आपण धरून चालतो. नायट्यावर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणारे लोक याच समजुतीवर चालतात. डाळिंबाच्या बागायतदाराला मात्र हा फरक शिकवावा लागत नाही. तेल्या हा जिवाणूंचा रोग, त्यावर तो स्ट्रेप्टोमायसिन फवारत आला. तेच द्राक्षावरच्या भुरीवर मारलं तर पैसे वाया जातात हे त्याला ठाऊक असतं, कारण भुरी ही बुरशी. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून इतकी वेगळी असते की तिची भिंत किंवा प्रथिनं बनवायची यंत्रणा मोडणारं औषध आपल्याला फारसा धक्का न लावता काम करून जातं. बुरशीचं तसं नाही. उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक आहे, ऊर्जेची सोय तशीच आहे, प्रथिनं बनवण्याची रीतही बरीचशी तीच आहे. म्हणजे नेम धरावा तिथे तिच्या शेजारी आपणच उभे असतो.

याचा पुरावा पहिल्याच यशस्वी शोधात सापडतो. स्ट्रेप्टोमायसिन सापडल्यानंतर, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी बुरशीवरच्या औषधाचा शोध सुरू केला. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात सूक्ष्मजीव वाढवत असत; रेचेल ब्राउन ऑल्बनीच्या प्रयोगशाळेत रसायनं वेगळी करत. पद्धत आजही ओळखीची वाटावी अशी होती. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं, त्याचा थेंब पोषकद्रव्य घातलेल्या अगरवर पसरायचा. काही दिवसांनी त्यावर खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, पांढुरक्या-करड्या ठिपक्यांच्या वसाहती दिसू लागतात. या बहुधा स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूंच्या. (पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास ज्या जिओस्मिनमुळे येतो, तेही प्रामुख्याने हेच जिवाणू बनवतात, वास सुंदर म्हणून माती औषधी, असं मात्र काही नाही.) त्यांतला एकेक वेगळा वाढवून कँडिडा आणि क्रिप्टोकॉकस या रोगकारक बुरशींसमोर तपासायचा. बुरशीची वाढ थांबली, की हेझन ते वाण काचेच्या बरणीत घालून टपालाने ऑल्बनीला पाठवत. ब्राउन त्यातला गुणकारी अंश काढून परत पाठवत, आणि मग तो प्राण्यांना दिला जाई. बहुतेक शोध इथे संपत. काचेच्या बशीत बुरशी मारणारे अर्क एकामागून एक मिळत होते आणि त्यांतले जवळपास सगळे प्राण्यांनाही विषारी निघत होते. अखेर व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतातली माती कामी आली. त्या नोर्स कुटुंबावरून जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस नोर्सेई पडलं, आणि न्यूयॉर्क राज्यावरून औषधाचं नाव निस्टॅटिन. १९५०मध्ये शोध जाहीर झाला, १९५४मध्ये औषध बाजारात आलं. त्याच्या स्वामित्वधनाचे एक कोटी तीस लाखांहून अधिक डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. एवढं होऊनही निस्टॅटिन तोंडातल्या पांढऱ्या थरावर, त्वचेवर, आतड्यात चालतं. शिरेतून द्यायची सोय नाही, कारण रक्तात ते विषारी ठरतं.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हा समज इथे पुरता कोसळतो. अँफोटेरिसिन शंभर टक्के नैसर्गिक आहे. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल या स्निग्ध पदार्थाला धरतं. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. दोघांची घडण मिळतीजुळती. औषधाची पकड अर्गोस्टेरॉलवर जास्त घट्ट, हे आपलं नशीब, पण फरक इतका बारीक आहे की किडनीला त्याची झळ बसतेच, थंडी वाजून ताप भरतो तो वेगळाच. चरबीच्या सूक्ष्म थैल्यांत भरलेलं ‘लायपोसोमल’ औषध याच कारणासाठी आलं आणि २०२१मध्ये टंचाई प्रामुख्याने त्याचीच होती. याहून बोलका दाखला रापामायसिनचा. १९६४च्या मोहिमेत ईस्टर बेटावरून गोळा केलेल्या मातीतला हा पदार्थ. कॅनडातल्या एका औषध कंपनीत भारतीय वंशाचे सुरेंद्र नाथ सहगल आणि त्यांचे सहकारी त्याच्याकडे पाहत होते ते कँडिडावरचं औषध म्हणून. बुरशी तो मारतच होता, पण आपली रोगप्रतिकारशक्तीही तो दाबतो असं दिसून आलं. बुरशीची वाढ चालवणारं जे प्रथिन तो अडवतो, तेच प्रथिन आपल्याही पेशींत आहे! बुरशीवरचं औषध म्हणून तो बाद झाला. १९९९मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती प्रत्यारोपित किडनी शरीराने नाकारू नये यासाठी. आणि रोगप्रतिकारशक्ती दबलेल्या माणसालाच बुरशीचे गंभीर आजार होतात.

जखमेवर किंवा चिखल्यांवर माती लावण्याचा सल्ला अधूनमधून कानावर येतो, त्याबद्दल फार लिहायला नको. औषध बनवणारे जिवाणू ज्या मातीत राहतात तिथेच म्युकरच्या कुळातल्या बुरशी आणि धनुर्वाताचे जंतूही राहतात. औषध होण्याआधी तो पदार्थ वेगळा काढावा लागतो, शुद्ध करावा लागतो, मोजून द्यावा लागतो.

मग एवढी उठाठेव करण्यापेक्षा कारखान्यात रेणू घडवावेत, मातीत हात कशाला घालायचे? हा आक्षेप पोकळ नाही. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल हा अ‍ॅझोल गट आणि टर्बिनाफिन ही माणसाने घडवलेली औषधंच आहेत, आणि रोजच्या वापरात त्यांनी मातीतल्या औषधांना मागे टाकलं आहे. तरी शरीराच्या आत पसरलेल्या बुरशीवर मुख्य गट आजही तीनच: अँफोटेरिसिनचा, अ‍ॅझोलचा आणि कॅस्पोफंजिनचा. त्यांतला तिसरा मुळात बुरशीनेच बनवलेल्या पदार्थांवर बेतलेला आहे. म्हणजे तिनांपैकी दोन निसर्गाचे. म्युकरवर फ्लुकोनॅझोलचा उपयोग होत नाही. २००९मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली कँडिडा ऑरिस बहुतेकदा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही, आणि तिचे काही वाण तिन्ही गटांना पुरून उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात ती आहे.

मातीच्या बाजूने बोलतानाही एक अडचण लपवून चालणार नाही: तेच ते पुन्हा सापडतं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन शोधलं. त्याच्या जिवाणूला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव मिळालं. तिथूनच पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन आलं. सार्वजनिक उद्योगातलं हे काम आपण फार लवकर विसरलो, असं माझं मत आहे. पण दोन्ही औषधं निस्टॅटिन-अँफोटेरिसिनच्याच कुळातली. जगभर माती चाळणाऱ्यांच्या हाती पुन्हा पुन्हा हेच कूळ लागत राहिलं, आणि कंपन्यांनी कंटाळून हात आखडता घेतला.

त्यावरून ‘माती आता आटली’ असा निष्कर्ष काढणं मात्र घाईचं होईल. मातीतल्या जिवाणूंचा अगदी थोडा भाग नेहमीच्या अगरवर वाढतो. जे वाढतात तेही आपली सगळी विद्या तिथे दाखवत नाहीत. २००२मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला, तेव्हा त्यात असे पदार्थ बनवणारे वीसहून अधिक जनुकगट दिसले. प्रयोगशाळेत त्यांतले मोजकेच पदार्थ दिसले होते. त्यामुळे आता शोधाची सुरुवात अनेकदा जनुकांपासून होते. २०२५मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी तीन लाखांहून अधिक जिवाणूंचे जनुकसंच चाळून मँडिमायसिन शोधलं. त्याचा जिवाणू, स्ट्रेप्टोमायसिस नेट्रोप्सिस, विज्ञानाला दशकानुदशकं माहीत होता. मँडिमायसिन अर्गोस्टेरॉलला न धरता आवरणातल्या फॉस्फोलिपिडांना धरतं, अनेक औषधांना न जुमानणाऱ्या बुरशींवर चालतं, आणि उंदरांच्या किडनीला अँफोटेरिसिनपेक्षा कमी त्रास देतं. फॉस्फोलिपिडं तर आपल्याही पेशींत आहेत. मग ते आपल्याला किती सोडून देतं हे माणसांवरच्या चाचण्यांतच कळेल. उंदरांवरचे निष्कर्ष पाहून ‘औषध सापडलं’ म्हणणं हा या विषयातला अगदी ताजा गैरसमज.

नवं औषध दवाखान्यात यायला वर्षं लागतात, त्यामुळे हाती असलेली औषधं निकामी होऊ न देणं हे आज आपल्या हातात आहे. भारतात टर्बिनाफिनला दाद न देणारा नायटा, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए या बुरशीचा, पसरला आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमं खाज दोन दिवसांत शमवतात, आणि खाली बुरशीला मोकळं रान देतात. नायटा किंवा गजकर्ण झालं तर मलमाच्या ट्यूबवर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का ते वाचा, असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस औषध पुरं करा.