पद्मिनीस निरोप देताना

ज्या प्रीमियर पद्मिनीने आमच्या घरातील दोन पिढ्यांना लग्नकार्यांना, पंढरपुरास आणि एका मुसळधार रात्री प्रसूतिगृहातही सुखरूप पोहोचविले, तिला गेल्या आठवड्यात आम्ही साश्रू नयनांनी निरोप दिला.

फियाट 1100 या इटालियन गाडीच्या रचनेवरून कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीचे 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर आणि पुढेही तिघांना सहज सामावून घेणारे सलग आसन यांत जे औदार्य होते, ते मला आजच्या कोणत्याही गाडीत आढळत नाही. मुंबईतील तिच्या टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यांवरून अंतर्धान पावल्या, तेव्हाही मन असेच व्याकुळ झाले होते.

तथापि दस्तऐवजांची तजवीज टाळता येत नाही. खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षे वैध असते व पुढे तपासणीअंती 5 वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. आमच्या गाडीचा तळपत्राच कुजल्याने तो मार्ग उरला नाही.

गाडी भंगारवाल्याच्या हवाली केली म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, असे समजू नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 अन्वये नोंदणी रद्द करून घेतली नाही, तर दप्तरी नाव आपलेच राहते.

सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात गाडी जमा केल्यास मिळणारा दाखला जपून ठेवावा, कारण त्यावर नव्या खासगी वाहनाच्या करात कमाल 25 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते.